विहिरीतलं शिसं

लातूरच्या एका खासगी प्रयोगशाळेत लाखो रुपयांचं यंत्र आलं आणि मालक रविकांत साहेबांची मान ताठ झाली. पाण्याचा नमुना ज्योतीत उडवायचा, तिच्यातून शिसं हेरणाऱ्या खास दिव्याचा उजेड सोडायचा. जितका उजेड गिळला जाईल तितकं पाण्यात शिसं. साहेबांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना फक्त आकडा आवडायचा, तोही मोठा.

यंत्र चालवायची उजमा. नोकरी अकरा महिन्यांच्या कंत्राटाची, सहीची जबाबदारी मात्र जन्माची.

खंडेनवमीला शिपाई मलप्पानं यंत्राची यथासांग पूजा केली. झेंडू, नारळ आणि घरून आणलेला केशरी शेंदूर. कसर नको म्हणून त्यानं काचेच्या भांड्यांना, अगदी ॲसिडच्या बाटलीच्या तोंडालाही बोटं ओढली. दसऱ्याच्या सुट्टीनंतर रेणापूरकडच्या एका गावाच्या विहिरीचं पाणी तपासायला घेतलं. शिसं मर्यादेच्या वीसपट!

"थांबा साहेब, अगोदर ब्लँक लावते," उजमा म्हणाली. "म्हणजे नुसतं शुद्ध पाणी आणि ॲसिड. त्यात काही निघायला नको."

साहेब कुठले थांबतात! सरपंच आणि वार्ताहर, दोघांनाही फोन करूनच त्यांनी चहा मागवला. इकडे शुद्ध पाण्यातही शिसं निघालं. उजमानं बाटली उचलली आणि कपाळाला हात लावला.

"मलप्पा, हिला शेंदूर कशाला?"

"हत्यारच हाय की म्याडम! त्येला एकट्याला कसं सोडावं?"

शेंदूर म्हणजे शिशाचीच भुकटी, हे त्या भाबड्याला कोण सांगणार? मलप्पाचा राग येईना. राग आला तो साहेबांचा. संध्याकाळपर्यंत विहिरीला कुलूप लागलं होतं आणि बायका कोसभर लांबच्या बोअरवरून घागरी वाहत होत्या. दुसऱ्या दिवशी उजमानं सगळी भांडी धुतली, नवं ॲसिड फोडलं, पुन्हा तपासलं. विहिरीत शिशाचा मागमूस नव्हता.

"आता मागं कसं फिरायचं?" साहेब म्हणाले. "असं लिही, शिसं होतं, आमच्या सल्ल्यानं गेलं. परवा ग्रामसभेत माझा सत्कार हाय."

"शिसं असं दोन-चार दिवसांत कुठं जाईल, साहेब?"

"तुझं कंत्राट कुठं जाईल ते बघ."

उजमाला त्या कंत्राटाची फार गरज होती, आणि भीतीही वाटली. तरी तिनं जे होतं तेच लिहिलं, सही केली आणि पाकीट साहेबांच्या हाती दिलं.

ग्रामसभेत शाल आली, श्रीफळ आलं. आधी वाचून बघायची साहेबांना सवय नव्हती. माइकवर वाचायची मात्र भारी हौस. त्यांनी पाकीट फोडलं आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "विहिरीच्या पाण्यात शिसे नाही. पूर्वीही नव्हते. पहिल्या तपासणीतले शिसे आमच्याच बाटलीला फासलेल्या शेंदरातले होते."

वाचून झाल्यावर आपण काय वाचलं ते साहेबांना कळलं. माइक चालूच होता. पुढच्या रांगेतली शरणम्मा उठली.

"मंग चार दिस आमच्या माना मोडल्या त्या कुणापायी?"

साहेबांना खोकल्याची उबळ आली. त्याच संध्याकाळी विहिरीचं कुलूप निघालं. महिनाअखेर उजमाला घरी बसवलं. पत्रात कारण दिलं होतं, 'कामात अचूकता नाही.'