चौथ्या रांगेची पावडर

सारसोळ्याचा हिरामण एकोणीस वर्षं एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत उंदीर सांभाळत होता. खाण्याच्या जिनसांत मिसळायच्या वस्तू तिथे आधी उंदरांना खाऊ घालून बघत. या खेपेला एका रानपाल्याचा अर्क आला होता. चिमूटभर घातला की वेफर्सचं तेल खवट होत नाही, आणि पाल्याचाच असल्यामुळे पाकिटावर ‘नैसर्गिक’ असं दिमाखात छापता येतं. नव्वद दिवस ती पावडर खुराकातून द्यायची, एक्क्याण्णवाव्या दिवशी उंदीर मारून आतलं तपासायचं, असा नेम होता.

आतलं बघायचं काम डॉक्टर नंदिनीमॅडमचं. बाहेरचं हिरामणचं, आणि त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पिंजऱ्यापाशी नुसता उभा राहिला तरी कोणता उंदीर उद्या खाणं सोडणार हे तो सांगायचा. मॅडमसुद्धा त्याला विचारून घ्यायच्या. गडी त्यामुळे जरा फुशारला होता.

चौथ्या रांगेला सगळ्यात जास्त पावडर होती, आणि त्याच रांगेतले उंदीर सगळ्यात तुकतुकीत दिसत होते. खुराक चाटूनपुसून संपवत. इकडे घरी त्याच्या बायकोच्या, सरस्वतीच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. तिला टीबी झाला होता, आणि त्याच्या गोळ्या घेतल्या की जेवणाची शिसारी यायची. जिच्या हातचं खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण खायला आळी लोटायची, ती दोन घास भातासमोर बसून रडायची. हिरामणला ते बघवेना. खुराकात मिसळून उरलेली पावडर पिवळ्या पिशवीत टाकून जाळायला द्यायची असे. ती तो पुडीत बांधून घरी नेऊ लागला. झाडपाल्याने कोणाचं वाईट झालंय, असं मनाशी म्हणत रोज सकाळी ताकातून एक चमचा देऊ लागला.

आणि सरस्वती जेवू लागली. आठवडाभरात तिने भाकरी मागून घेतली. हिरामण हरखून गेला. मॅडमना नव्वद दिवसांनी कळणार ते आपण आधीच ओळखलं, असंही त्याला वाटलं.

एक्क्याण्णवाव्या दिवशी मॅडमनी चौथ्या रांगेतला पहिला उंदीर उघडला, मग दुसरा, मग पाचवा. सगळ्यांची यकृतं सुजलेली, डागाळलेली. हिरामण शेजारी ट्रे धरून उभा होता. दोन दिवसांपूर्वी सरस्वतीचे डोळे त्याला पिवळसर वाटले होते, आणि जागरण झालं असेल म्हणून त्याने ते सोडून दिलं होतं. त्याने ट्रे खाली ठेवला.

“मॅडम, ही पावडर मी घरी नेली हाय,” तो म्हणाला. “बायकोला देतो. तीन आठवडे झाले.”

मॅडम रागावल्या नाहीत, रागवायला वेळच नव्हता. अंगावरच्या पांढऱ्या कोटानिशी त्यांनी गाडी काढली आणि सरस्वतीला इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्या थांबवल्या, सलाईन लावली. कावीळ वाढतच गेली. शुद्ध हरपण्याआधी तिने हिरामणला विचारलं, आज ताक नाही आणलं का. नवव्या दिवशी ती गेली.

तेरावा झाल्यावर तो प्रयोगशाळेत आला तो राजीनामा लिहूनच. मॅडमनी कागद वाचून बाजूला ठेवला आणि त्याला बसायला सांगितलं. त्याला एकच विचारायचं होतं.

“ती माझ्या पावडरीनं गेली का गोल्यांनी?”

मॅडमना त्याचं मन राखता आलं असतं. त्यांनी खरं ते सांगितलं. त्या गोळ्याही यकृताला जड असतात, क्वचित त्यांनीही असं होतं. गोळ्यांनी झालं असेल, पावडरीने झालं असेल, दोन्ही मिळूनही झालं असेल. एकाच माणसावरून ते ठरवता येत नाही.

हे हिरामणला समजावून सांगायची गरज नव्हती. पहिल्या रांगेला तो वर्षानुवर्षं साधा खुराक घालत आला होता. वस्तू न खाल्लेले शेजारी असल्याशिवाय खाल्लेल्यांविषयी काही बोलता येत नाही, हे त्याला कुठल्याही डॉक्टरइतकं ठाऊक होतं.

“म्हंजे अजून एक सरस्वती लागंल,” तो म्हणाला. “त्याच गोल्या खाल्लेली, पन माझी पावडर न खाल्लेली.”