हो की नाही, एवढंच

हिर्डोशीच्या चंद्राबाईंच्या पत्राला मी वर्षभर उत्तर दिलं नाही. विसरलो होतो असंही म्हणता येत नाही. पत्र कोटाच्या आतल्या खिशात असायचं.

राज्यसभेत मी शेवटच्या रांगेत बसतो. पक्षातल्या दोन गटांना एकमेकांचा माणूस नको होता, म्हणून भोरच्या एका निवृत्त ग्रंथपालाचं, म्हणजे माझं, नाव पुढं आलं. ते चुकलं असावं, असं मला अजून वाटतं.

चंद्राबाईंचे मालक गेनबा यांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा मोबाईलला रेंज मिळेपर्यंत त्या घाटाच्या दुसऱ्या वळणापर्यंत पळत गेल्या होत्या. मुलगा कुमार म्हणत होता, किकवीला माझ्याकडं राहायला या. गेनबा म्हणत होते, टॉवर होणारच आहे, मग हलायचं कशाला? पत्राच्या शेवटी होतं, ‘तवा टावर व्हनार का न्हाई, एवढंच कळवा.’

काहीतरी हाती लागलं की लिहू, असं मी ठरवलं.

पावसाळी अधिवेशनात टॉवरबद्दलचा माझा प्रश्न सोडतीत निघाला, पण अकरावा. सहाव्यावर प्रश्नोत्तराचा तास संपला. लेखी उत्तर मिळालं, सर्वेक्षण सुरू आहे. हिवाळ्यात तीन मिनिटांचं भाषण सात वेळा लिहिलं. गोंधळात सभागृह तहकूब झालं आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. अर्थसंकल्पाच्या वेळी एकदाचा बोललो. समोर मोजकी माणसं होती, त्यातलं एक पेंगत होतं. मंत्र्यांचं पत्र आलं, प्रस्ताव विचाराधीन आहे.

मे महिन्यात चंद्राबाईंचं कार्ड आलं. ‘एक पावसाळा कसाबसा काडला. दुसरा तोंडावर आला. मालक अजून तुमच्या उत्तराची वाट बगत्यात.’

भोरच्या कार्यालयातलं काम बघणाऱ्या स्नेहलनं जुनं पत्र मागून घेतलं आणि सावकाश वाचलं.

“सर, बाईंनी टॉवर मागितलाच नाहीये. होणार की नाही, एवढंच विचारलंय.”

खासदारानं ‘नाही’ असं लिहून कसं द्यायचं, मी म्हणालो. कुणीतरी फोटो काढील, सगळीकडं फिरवील.

“रेंज नाही तिथं. फिरवणार कसं?” ती म्हणाली, पण हसली नाही.

मी चार कच्चे मसुदे केले. पहिल्या तिन्हींत ‘विचाराधीन’ हा शब्द आला. चौथा असा होता: ‘यंदा टॉवर होणार नाही. पुढच्या वर्षीचं मला सांगता येत नाही. मी विचारत राहीन, पण माझ्या भरवशावर थांबू नका. पावसाच्या आत गेनबांना किकवीला न्या. हे मला गेल्या वर्षीच कळवता आलं असतं.’

पुन्हा वाचलं असतं तर पाचवा मसुदा झाला असता. म्हणून तसंच पाकिटात घातलं, तिकीट लावलं, पोस्टापर्यंत चालत गेलो आणि पेटीत टाकलं.