ते हात हिरीबाईचे नव्हते

थांबा. फोटो काढायचा तर काढा, पण आधी जरा माझं ऐकून घ्या. मी पाटा बोलतोय. नवापूरच्या रस्त्यावरच्या या 'रानथाळी' हॉटेलच्या दारातला, अंगावर झेंडूच्या पाकळ्या पसरलेला काळा पाटा. तुम्ही मला शोभेची वस्तू समजता. त्यात तुमची चूक नाही. मला बसवलंच आहे तसं.

मी मूळचा डोंगरातला दगड. एका पाथरवटाने मला फोडलं, घडवलं, अंगावर टाकीचे बारीक ठिपके पाडले आणि बाजारात मांडलं. तिथून हिरीबाईच्या वडिलांनी मला वरवंट्यासकट घेतलं. नव्या नवरीच्या घरी पाटा हवा म्हणून त्यांनी मला खांद्यावर टाकून डोंगर ओलांडला. हिरीबाईच्या सासूने मला बोटाने वाजवून पाहिलं.

"दगड तर चांगला निघाला," ती म्हणाली. "आता सून बघू."

हिरीबाई तोंडाला पदर लावून हसली. ती पण चांगली निघाली.

चाळीस वर्षं मी तिच्या हाताखाली होतो. लाल मिरची, लसूण, भाजलेले तीळ, भिजवलेले उडीद, सगळं माझ्यावर वाटलं गेलं. तिच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे. भात कापताना विळा लागला होता. ती वरवंटा धरते तेव्हा तिची करंगळी वर उभी राहते, जणू वाटणात तिला भाग घ्यायचाच नाही. डोळे मिटून सांगू शकतो की हा तिचाच हात. मला डोळे नाहीत, पण तुम्हाला कळलं असेल.

आता तेऱ्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पावसाळ्यात ओढ्याच्या काठी सावलीत तेरा उगवतो. अळूसारखी पानं, पण रानातली. उगवला म्हणून लगेच कोणी तोडत नाही. गाव दिवस ठरवतं, देवापुढे पहिली भाजी ठेवतात, मग घरोघरी तेरा शिजतो. त्या पहिल्या भाजीचं वाटण एका घरचं असतं. आमच्या गावात तो मान हिरीबाईच्या सासूचा होता. म्हातारी थकली तेव्हा सगळ्यांसमोर तिने वरवंटा सुनेच्या हातात दिला. त्या दिवसापासून गावाच्या पहिल्या घासाचं वाटण माझ्यावर होत आलं. मला त्याचा गर्व होता. दगडालाही असतो.

तीन वर्षांपूर्वी भाग्येश आमच्या घरी आला. तो रनाळ्याकडचा, मोठ्या शेतकरी घरातला, शिकलेला. ओळखीच्या माणसाबरोबर आला आणि जेवायला बसला. नागलीची भाकरी, बांबूच्या कोंबांची भाजी आणि माझ्यावरची चटणी. तीन भाकऱ्या झाल्या, चौथी स्वतःच घेतली.

"मावशी, तुन्हा हातनी चव मी कोठेच नही खादी," तो म्हणाला. "मी हॉटेल काढी ऱ्हायनू. ज्या महिनामा रानमा जे मियी, तेच ताटमा. तू ये. आनि हाऊ पाटा बी लई ये."

हिरीबाई लगेच हो म्हणाली नाही. तिने माझ्यावरचा मसाला पाण्याने धुतला, हात पुसले आणि जपून मराठीत म्हणाली, "येईन. पण तेऱ्याच्या सणाला पाटा गावात पाहिजे. आणि सण होईपर्यंत तुझ्या हॉटेलात तेरा शिजायचा नाही."

भाग्येशने माझ्यावर तळहात ठेवला. "ह्या पाटावर हात ठेईसन सांगस, मावशी. तू सांगशी तवयच."

त्याचा हात गरम होता. मी विश्वास ठेवला.

पहिलं वर्ष फार चांगलं गेलं. दारात एक फळा होता, 'आज रानात काय?' असं लिहिलेला. त्याखाली हिरीबाई सांगेल ते भाग्येशची बायको शीला खडूने लिही. कधी करटोली, कधी अंबाडी, कधी नुसतीच उडदाची डाळ. एकदा सुरतेच्या पाहुण्यांनी पनीर मागितलं. हिरीबाई म्हणाली, "रानात पनीर लागलं की सांगते." सगळे हसले, पाहुणेही. सणाच्या आदल्या दिवशी भाग्येशने मला स्वतः जीपमध्ये ठेवलं. वाटण झालं, मी परत आलो.

दुसऱ्या वर्षी मिक्सर आला. "गर्दी वाढनी ना मावशी," असं कारण होतं. मग डीप फ्रीज आला आणि फळ्यावर जानेवारीतसुद्धा पावसाळ्यातली करटोली दिसू लागली. हिरीबाईने विचारलं, "ही कुठल्या रानातली?" उन्हाळ्यात दारात चबुतरा बांधला आणि मला त्यावर सिमेंटमध्ये बसवलं. वरवंटा तेवढा सुटा राहिला, पाहुण्यांना हातात घेऊन फोटो काढता यावा म्हणून. चकाकी यावी म्हणून मला तेल चोळू लागले. टाकीचे ठिपके बुजत गेले.

"आता सणाला कसं न्यायचं?" हिरीबाईने विचारलं.

"तवय काढी देसू," भाग्येश फोनवरून मान वर न करता म्हणाला.

माझ्या शेजारीच उघडी चूल आहे. तिथे प्रिस्किला पाहुण्यांसमोर भाकरी थापते. ती हिरीबाईच्याच गावची, चर्चला जाणारी. त्या दिवशी तिने हिरीबाईला हळूच म्हटलं, "बाई, सिमेंट कोणी परत काढतं का?" हिरीबाई म्हणाली, "शब्द दिलाय त्याने." आणि तिने एक चूक केली. गप्पांच्या भरात तिने भाग्येशला सांगितलं की सगळ्यात आधी तेरा कुठे निघतो. कातळाखालच्या ओढ्याशी. तिला वाटलं, याला आवड आहे, म्हणून विचारतोय.

यंदा भाताची आवणी लागली तशी हिरीबाई चार दिवस शेतावर गेली. सणाला अजून आठ दिवस होते.

दुसऱ्याच दिवशी भाग्येश गाडीतून उतरला. हातात तेऱ्याच्या पानांची पिशवी होती. मागून पुण्याची एक बाई कॅमेरा घेऊन आली. शीला आतून बाहेर आली तेव्हा मी गोंधळलो. तिने हिरीबाईसारखं लुगडं नेसलं होतं.

"तोंड नको देखाडू," भाग्येश म्हणाला. "नुसता हात."

"मले वाटता येत नही, तुमले माहीत शे ना!"

"वाट काय पन. दोन मिनिटनं काम शे."

शीलाने वरवंटा उचलला. तिची पाचही बोटं सरळ होती, घट्ट आवळलेली. मिरची माझ्यावरून घसरत होती, लसूण उडत होता. प्रिस्किला चुलीपाशी होती. ती म्हणाली, "भाऊ, सण झाला नाही अजून."

"तुम्हनामा हाऊ सण नही ना? मंग तुले काय?"

"आमच्यात नाही," प्रिस्किला म्हणाली, "पण गाव खात नाही तोवर आम्ही पण खात नाही."

मी ओरडलो असतो. पण दगड ओरडत नाही. माझ्यावर वाटण होत राहिलं आणि मी होऊ दिलं.

दुपारी पाहुण्यांना तेरा वाढला. शीलाकडून त्यात चिंच घालायची राहिली होती. तेऱ्याला आंबट नसलं तर घसा खाजतो. पुण्याची बाई खोकत खोकत म्हणाली, "हे असंच असतं का?" भाग्येश म्हणाला, "हीच तर खरी गावठी चव!" सगळ्यांनी पाणी पिऊन माना डोलावल्या. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ फिरला. वर लिहिलं होतं, 'हंगामातला पहिला तेरा, हिरीबाईच्या हातचा.'

गावात काय झालं ते मला प्रिस्किलाकडून कळलं. हिरीबाई चिखलात उभी होती, हातात रोपांची जुडी. बायकांनी तिच्याशी बोलणं थांबवलं होतं आणि तिला कारण माहीत नव्हतं. मग गावचे कारभारी खात्याकाका बांधावर आले आणि त्यांनी फोन तिच्यासमोर धरला.

"हे माझे हात नाहीत," ती म्हणाली.

प्रिस्किलाही त्या दिवशी तिच्याबरोबर शेतात होती. "करंगळी बघा, काका," ती म्हणाली. "हिरीबाईची करंगळी कुठे अशी सरळ आहे?"

खात्याकाकांनी पुन्हा पाहिलं. डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. "खरं आहे," ते म्हणाले. "हात तुझे नाहीत. पण पाटा तुझाच ना?"

तिने रोपांची जुडी खाली ठेवली.

तेव्हा ठरलं की या वर्षीचं वाटण दुसऱ्या घरी होईल. हिरीबाईवर कोणी राग धरला नाही. नुसता मान काढून घेतला, आणि तो माझ्यामुळे गेला.

सणाच्या आदल्या दिवशी ती इथे आली. भाग्येश हसत पुढे झाला. "ये मावशी, ये! एक व्हिडिओ तं शे. लोके विसरी जातीन. तुन्ह नाव कितलं मोठं व्हयनं देख!"

तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्यापाशी बसली. पाकळ्या बाजूला सारून तिने माझ्यावर तळहात फिरवला. तेलाने गुळगुळीत झालेल्या जागेवर तिची बोटं थांबली. मग तिने दोन्ही हातांनी मला हलवून पाहिलं. मी हललो नाही. खरंच सांगतो, मी प्रयत्न केला.

तिने वरवंटा उचलला, पदरात गुंडाळला आणि निघाली.

"मावशी, तो हॉटेलना शे!" भाग्येश ओरडला.

"बापाने दोन्ही आणले होते," ती न थांबता म्हणाली. "एक तू बांधून ठेवलास."

त्यानंतर ती आली नाही. प्रिस्किलाही दुसरीकडे भाकरी थापते आता. भाग्येशने बाजारातून दुसरा वरवंटा आणून ठेवलाय, जो तुम्ही आत्ता फोटोसाठी हातात घेतला आहे. तो माझ्या अंगाला बसत नाही. माझी खोल जागा वेगळ्या दगडाने पडलेली आहे.

फळा अजून आहे. त्यावर आता रंगाने लिहिलंय, पुसता येऊ नये असं: 'हिरीबाईचा तेरा, बारा महिने.' तुम्ही आत जाऊन तोच मागवाल. मागवा, पण ताट समोर आलं की एवढंच विचारा, गावाने खाल्ला का? आणि जेवताना तो व्हिडिओ कोणी दाखवला, तर वरवंटा धरलेल्या उजव्या हाताची करंगळी नीट बघा. मला विचारणारं कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगून ठेवतोय. ती सरळ आहे.