एकदाच घातलेले

कपड्यांचे दोनच प्रकार असतात, धुतलेले आणि मळलेले, असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो. समज माझाच, तेव्हा तो चुकीचा निघणार हे ओघानंच आलं. आमच्या घरात तिसराही प्रकार आहे: एकदाच घातलेले. हे टोपलीत टाकायचे नाहीत, कारण ते मळलेले नाहीत. कपाटात ठेवायचे नाहीत, कारण ते धुतलेले नाहीत. ते माझ्या खुर्चीवर ठेवायचे.

खुर्ची खिडकीजवळ आहे, मागे दिवा आहे. निवृत्त झाल्यावर वाचायला म्हणून मी ती घेतली आणि एका जाड कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणापर्यंत तिच्यात बसून पोचलोही. मग मुलानं तिच्या पाठीवर एक शर्ट टाकला. शर्टाला एकटं वाटू नये म्हणून सुनेनं जीन्स ठेवली. पुढे खुर्चीला पोट सुटलं आणि मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर गेलो. तिथे एक परिच्छेद पुरा होईतो बायको म्हणे, "अहो, सरका जरा, डबा काढायचाय."

"माझी खुर्ची मोकळी करा" हे वाक्य मी मनात खूप घोटलं होतं. तोंडातून दर वेळी "चहा झाला का?" एवढंच निघायचं.

शेवटी आडवाटेनं जायचं ठरवलं. रविवारी सकाळी जाहीर केलं, "मशीनचे कपडे आजपासून मी निवडतो."

बायकोनं माझ्या कपाळाला हात लावला. "ताप तर नाहीये," ती सुनेला म्हणाली.

मशीनची माहितीपुस्तिका मी आधीच वाचून काढली होती. शेवटपर्यंत वाचणारा बहुधा मी पहिलाच. पांढरे वेगळे, रंगीत वेगळे, लोकरीचे वेगळे, चेन लावा, खिसे तपासा, सगळं होतं. एकदाच घातलेल्यांबद्दल अवाक्षर नव्हतं. लिहिणाऱ्याच्या घरी खुर्ची नसावी.

टोपली निवडली. गोळा झालेले मोजे सुलटे केले. मग सहज वाटावं अशा बेतानं खुर्चीकडे वळलो.

"बाबा, तो शर्ट नको!" मुलानं मोबाइलमधून मान वर काढली. "तो फक्त मीटिंगला घातला होता. तीही घरातूनच."

"कॉलर काळी आहे रे."

"आतून आहे ना? मग!"

सून जीन्सच्या मदतीला धावली. "बाबा, जीन्स सारखी धुतली की तिची रयाच जाते."

"गुडघ्यावर सॉस आहे," मी पुटपुटलो.

"तेवढा पुसता येतो."

"आणि माझ्या शालीला हात लावू नका," बायको म्हणाली. "मी ती घालत नाही, नुसती घेते."

"म्हणजे सगळं स्वच्छच आहे," मी म्हणालो. "मग कपाटात ठेवू?"

"शी!" तिघंही एकदम ओरडली. "घातलेले कपडे कपाटात?"

ती नाश्त्याला बसली. मी टोपली बाजूला सारली आणि खुर्चीवरचा ढीग उचलून मशीनमध्ये कोंबला. शाल तेवढी वगळली. लोकरीचं काय करायचं ते पुस्तिकेत आहे. बायकोचं काय करायचं ते नाही. एरवी दिवा लावायलाही मी विचारतो, पण तेव्हा बटण दाबलं, तेही सर्वांत लांबलचक धुण्याचं.

क्षणात सगळी काचेच्या गोल दारासमोर जमली.

"तो बघ माझा शर्ट!"

"जीन्स गेली माझी. बाबा, काढा ना!"

"दार उघडत नाही," मी सांगितलं. "धुणं संपेपर्यंत. पुस्तिकेत आहे."

मंडळी तिथे हळहळत असताना मी जाऊन खुर्चीत बसलो. गादीला अजून माझा आकार आठवत होता. कादंबरीतलं मात्र कोण कोणाचं कोण ते मलाच आठवेना, म्हणून पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.

बऱ्याच वेळानं मुलगा आला. अंगातला स्वेटशर्ट काढत तो सवयीनं खुर्चीपाशी थांबला. खुर्चीत मी होतो. ही अडचण त्यानं फार मनावर घेतली नाही; माझ्या डोक्यामागे स्वेटशर्ट अडकवला. सुनेनं हातावर स्कार्फ ठेवला, खुर्चीच्या की माझ्या, ते तिनं पाहिलं नसावं. मग बायकोनं शाल माझ्या गुडघ्यांवर पसरली.

"थंडी आहे," ती म्हणाली. ही माया होती की जागेची सोय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तेवढ्यात मशीन पीं पीं करू लागलं. धुणं झालं होतं. उठलो असतो तर परत येईपर्यंत माझ्या जागी काय बसलं असतं, ते मला पाठ होतं.

"अहो, वाजतंय. तुमचं खातं ना ते?"

मी तोंड उघडलं. चहाचं वाक्य ओठांवर आलंच होतं. ते गिळलं.

"मी वाचतोय," मी म्हणालो.

मशीन वाजतच राहिलं. मग मुलगा उठला, बादली घेतली आणि जाता जाता पुटपुटला, "बाबांना ताप नाही, नक्की ना?"

मी पान उलटलं.