साहेबांचा उजवा गुडघा

जमिनीत खोल गाडलेले पायाचे खांब, म्हणजे पाइल, चाळीस होते. प्रत्येकाच्या पोटात काँक्रीट आणि अंगाभोवती सिमेंट कालवलेली माती. असले जोडपाइल लोण्यासारख्या मऊ जमिनीतही टिकतात, हे इंजिनियर जावयाने कंपनीच्या साहेबांच्या गळी उतरवलं आणि त्यावर छापखान्याची इमारत उभी केली. साहेब म्हणजे त्याचे सासरे. तेव्हा इमारत हलली तर नोकरीही जाणार आणि घरात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

आणि इमारत हलत होती! यंत्रं अजून आलीच नव्हती, तरी रोज अकराला कंपन मोजणाऱ्या मापकावरची रेघ वरखाली नाचायला लागे, सेकंदाला बरोबर पाच वेळा. साहेबांनी आधी शेजारच्या गिरणीला दोष दिला, मग वाऱ्याला, आणि काल तर छतावरची कबुतरं हाकलून लावली. दोन चाचण्या फसल्या होत्या. आज तिसरी आणि शेवटची होती. तपासनीस बाई शिक्का घेऊन बसल्या होत्या.

अकरा वाजले. रेघ नाचू लागली. घाबरलेल्या जावयाची पेन्सिल खाली पडली, ती उचलायला तो वाकला, आणि टेबलाखाली, रोज अकरा ते बारा इथे येऊन बसणाऱ्या साहेबांचा उजवा पाय त्याच तालात हलताना दिसला. झोक्याला वेळेवर बोटभर धक्का दिला तरी तो चढतच जातो, तशी इमारतीची गत झाली होती.

"साहेब, पाय."

"कुणाचा?"

"आपला."

"माझ्या पायाने चाळीस पाइल हलतात? अहो इंजिनियर, पाया कच्चा आहे तुमचा. आणि डोकंही!"

साहेब चिडले तसा पाय जोरात हलू लागला. पेल्यातलं पाणी टेबलावर उडालं. रेघ लाल खुणेला टेकणार, इतक्यात जावयाने सरळ त्यांच्या गुडघ्यावर हात दाबला.

"बाबा, पुरे."

कामावर त्याने त्यांना बाबा कधीच म्हटलं नव्हतं. रेघ सपाट झाली.

साहेबांनी गुडघ्यावरच्या त्या हाताकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तुमच्या सासूबाई अशाच हात ठेवायच्या. ती गेल्यापासून कुणी थांबवलंच नाही हो."

तपासनीस बाईंनी डोळे पुसले, पण नियम तो नियम. त्यांनी दाखल्यावर अट लिहिली: 'इमारत सुरक्षित. कामाच्या दिवशी अकरा ते बारा जावयाने गुडघा धरावा.'

साहेबांनी चष्मा चढवून ती दोनदा वाचली, खिशातलं पेन काढलं आणि सहीच्या वर आपल्या हाताने लिहिलं: 'रविवारीसुद्धा.'