कव्हरमास्तरांची गाडी

"आली का हो?"

वरच्या खिडकीतून हाक आली तेव्हा कव्हरमास्तर गल्लीत उकिडवे बसून कव्हराची शेवटची नाडी बांधत होते. नुकतं उजाडलं होतं. त्यांनी वर पाहिलं आणि हातातली नाडी हातातच राहिली. बायको खिडकीशी उठून बसली होती. तीन महिने कूस बदलायलाही जिला कुणाचा तरी हात लागायचा, ती आज आपली आपण उठून बसली होती.

"अहो, तुम्हालाच विचारतेय. गाडी आली का?"

मास्तरांनी उभ्या जन्मात गिऱ्हाइकाला अर्धा इंच कापडही खोटं सांगितलं नव्हतं. आज मात्र जिभेला हाड नसतं म्हणतात त्याचा त्यांनाच अनुभव आला.

"आली ना. पहाटेच सोडून गेले."

कव्हराखाली गाडी नव्हती. बांबूच्या कामट्या तारेने बांधून केलेला सांगाडा होता, आणि तोही जागा धरून ठेवण्यापुरता. गल्लीत जिन्याखालची तेवढी मोकळी जागा उद्या कुणी हातगाडी लावून अडवेल, ही मास्तरांची साधी काळजी. सोफे, शिलाई मशीन, टीव्ही, मोटारी, जे म्हणाल त्याला मास्तरांनी कव्हर शिवलं होतं. जगातल्या प्रत्येक वस्तूला आधी लांबी-रुंदी असते आणि मग उपयोग, असं त्यांचं मत. म्हणून बक्षिसाचं पत्र आलं त्याच दिवशी ते टेप घेऊन एका गिऱ्हाइकाकडे गेले आणि त्याच्या तशाच गाडीचं माप घेऊन आले. बाजारात तुरी, म्हणून गल्ली हसली. मास्तरांनी दुकानातलं सगळ्यात भारी चंदेरी कापड काढलं.

बक्षीस तसं बायकोचं. चहाच्या साठ पुड्यांवरचे लाल त्रिकोण तिने कापून डब्यात ठेवले होते. 'मला हा चहा आवडतो, कारण' याच्यापुढचं वाक्य पुरं करायचं होतं. मास्तरांनी कडक, सुगंधी, ताजातवाना असले शब्द सुचवून पाहिले. तिने लिहिलं, 'कारण तो निवला तरी आमच्याकडे कुणी ओतून देत नाही.' आणि कंपनीचं पत्र आलं की पहिलं बक्षीस, चारचाकी गाडी, नव्वद दिवसांत घरपोच.

तेव्हा ती अंथरुणाला खिळून महिना झाला होता. जिन्यावरून पडून खुब्याचं हाड मोडलं होतं. पण पत्र वाचल्यावर तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "ताई." तिची थोरली बहीण डोंगरापलीकडे राहायची. अंतर फार नाही, पण बायकोला बस लागायची, इतकी की दुसऱ्या वळणालाच पिशवी तोंडाशी धरावी लागे. त्यामुळे आज जाऊ, उद्या जाऊ करता करता अकरा वर्षं गेली. आता ताईला नीट दिसेनासं झालं होतं. "पुढच्या सीटवर बसलं की लागत नाही म्हणे," बायको म्हणायची. "तिला दिसतंय तोवर एकदा जाऊन येऊ या हो."

डॉक्टरही म्हणाले होते, बसचे धक्के चालणार नाहीत, मोटारीतून हळूहळू नेलं तर हरकत नाही.

म्हणून त्या सकाळी मास्तर खोटं बोलले. आणि त्या खोट्याने औषधाचं काम केलं. ती रोज खिडकीशी बसू लागली, दोन घास जास्त जेवू लागली. गल्लीही शहाणी निघाली. हसणारेच आता त्या कव्हराला वळसा घालून जात. दूधवाला तर मुद्दाम मोठ्याने विचारी, "मास्तर, गाडी पुसून देऊ का?"

"अजून चालवायला शिकतोय," मास्तर बायकोला सांगत. "परवाना मिळाला की निघू."

"सावकाश शिका. उगाच कुणाला ठोकाल."

दुपारी दुकान बंद करून ते वर येत, पलंगाच्या उजव्या अंगाला खुर्ची ओढत आणि हात असे धरत की जणू समोर चाक आहे. ती डोळे मिटून घ्यायची.

"निघालो?"

"निघालो."

पडदा हलायचा, भिंतीवरचं ऊन सरकायचं, आणि खोली खरोखरच हळूहळू चालू लागल्यासारखी वाटायची. गल्ली मागे पडायची. कारखान्याची चिमणी, मग पूल. पुलाखाली पाणी असायचं, मास्तर म्हणतील तेवढं. एखाद्या दिवशी ते नदीला पूर आणत, मग ती काच वर करा म्हणायची. घाटात धुकं लागायचं. धुक्यात पुढचं काही दिसायचं नाही, फक्त एकमेकांचा श्वास ऐकू यायचा, आणि मास्तरांना वाटायचं, लग्नाला इतकी वर्षं झाली पण आपण दोघं असे एका दिशेला तोंड करून कधी बसलोच नव्हतो. ते सुख होतं, दुसरा शब्द नाही त्याला.

"आता डावीकडे घ्या. ते तळं दिसतंय ना, तिथून ताईचं फाटक."

मास्तर डावीकडे घेत. पण फाटकाशी आलं की ती डोळे उघडायची.

"बास. आज इथवरच."

"अगं, पोचलोच की."

"नको. फाटकातून आत जायचं ते राखून ठेवलंय मी."

नव्वद दिवस झाले, मग दीडशे. कंपनीला मास्तरांनी सात पत्रं लिहिली. पहिल्याला उत्तर आलं की कार्यवाही चालू आहे. दुसऱ्याला आलं की स्पर्धा विभाग बंद झाला आहे. तिसऱ्यापासून उत्तरच नाही. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने वर्तमानपत्र दाखवलं. असे एकोणचाळीस विजेते निघाले होते आणि सगळ्यांच्याच तोंडाला कंपनीने पानं पुसली होती. "आता बोंब झालीय म्हटल्यावर हलतील," औषधवाला म्हणाला.

आणि एका दुपारी खरंच कंपनीचा माणूस आला. बगलेत फाईल, गळ्यात कॅमेरा, चेहरा उन्हाने दमलेला. त्याने आधी पत्ता पाहिला, मग चंदेरी कव्हराकडे पाहिलं.

"अरे वा! तुमची पोचली वाटतं?"

"ते कव्हर आहे," मास्तर हळूच म्हणाले. "आत काही नाही."

माणसाने कव्हरावर तळहात टेकला. कापड आत गेलं, खाली कामटी करकरली. त्याने हात चटकन मागे घेतला.

"हे बघा काका," त्याने आवाज खाली आणला, "मी नोकर माणूस. पण खरं सांगतो. पेपरवाल्यांचं तोंड बंद करायला चार-पाच जणांना गाड्या देणार आहेत. ज्यांची कागदपत्रं आज संध्याकाळपर्यंत जातील त्यांनाच. गाडी आली नाही याचा पुरावा म्हणून मला रिकाम्या जागेचा फोटो पाहिजे, शेजारी तुम्ही उभे. हे तेवढं काढा. तुमचं काम होईल असं मला वाटतं."

मास्तरांचा हात नाडीकडे गेला. एक गाठ सोडायची होती. गाठ सुटली की घाट, तळं, फाटक, सगळं खरं व्हायची शक्यता होती. त्यांनी वर पाहिलं. बायको खिडकीत होती, हनुवटी तळव्यावर टेकून त्यांच्याकडेच बघत होती.

"थोड्या वेळाने आलात तर? ती झोपली की..."

"मला पाचची गाडी आहे, काका. अजून दोन घरं व्हायचीत."

"कोण आलंय हो?" वरून आवाज आला.

मास्तरांनी घसा साफ केला. "कंपनीचे साहेब आहेत. गाडी कशी आहे, विचारायला आलेत."

तशी ती खिडकीतून पुढे वाकली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "छान आहे म्हणावं! आम्ही रोज जातो. मला मुळीच लागत नाही!"

माणूस मास्तरांकडे पाहत राहिला. मास्तर कव्हराची एक सुरकुती बोटाने सरळ करत होते.

"काका, विचार करा. गाडी मिळाली म्हणालात तर पोचपावतीवर सही घ्यावी लागेल, आणि मग कंपनीकडे काहीच मागता येणार नाही."

"कुठे करायची सही?"

त्याने फाईल उघडून कागद पुढे केला. मास्तरांनी तो कव्हराच्या टपावर ठेवला, तर कागद कापडासकट आत जाऊ लागला. मग माणसाने फाईलच त्यांच्या हाताखाली धरली. 'बक्षीस चांगल्या स्थितीत मिळाले' या ओळीखाली मास्तरांनी सही केली. माणसाने वरच्या खिडकीला नमस्कार केला आणि गल्लीच्या तोंडाशी वळून दिसेनासा झाला.

मास्तर तिथेच उभे राहिले. आपण केलं ते बरोबर की चूक, हे त्यांना ठरवता येईना. ताईच्या डोळ्यांची आठवण झाली.

"गेले का ते?" वरून तिने विचारलं, आता अगदी हळू.

"गेले."

"मग मागची बाजू जरा खाली ओढून घ्या. सकाळपासून कामटी दिसतेय."

मास्तर मागच्या बाजूला गेले. वर बघण्याचा त्यांना धीर झाला नाही. ते खाली बसले, कव्हराची कड दोन्ही हातांनी ओढून जमिनीला टेकवली आणि नाडीला नीट गाठ मारली.