गुरुवारची नावं

"वाट बघत बसू नकोस, फोन तू कर. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं ते आधी ओरडतात, आणि ज्यांच्याकडे असतं ते दाराआड उभे राहतात. दाराआडच्यांना हाक मारायची, एवढंच आपलं काम."

थेक्लाबाईंचं हे बोलणं अर्लीनबाईंना भर सभेत आठवलं आणि त्यांच्या हातातली पेन्सिल थांबली. मी शेजारीच बसले होते, म्हणून मला ते दिसलं. त्या तिसऱ्या रांगेकडे बघत होत्या.

दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी आमच्या ब्रॅडॉक गावच्या शाळेच्या वाचनालयात शिक्षण मंडळाची सभा भरते. पहिला अर्धा तास मुलांचा. मंडळाच्या चार शाळांमधल्या ज्या मुलांनी महिन्याभरात काही मिळवलं असेल, त्यांची नावं पुकारायची. एकेकानं पुढे यायचं, अध्यक्षांच्या हातात हात द्यायचा, दाखला घ्यायचा, फोटोला उभं राहायचं. ती यादी करायचं काम मंडळाच्या कचेरीतल्या अर्लीन कुचेराबाईंचं; मी त्यांची मदतनीस. त्यांच्याआधी त्या खुर्चीत असलेल्या थेक्लाबाईंनी ते त्यांच्या हाती सोपवलं त्याला एकतीस वर्षं झाली. थेक्लाबाई आता नाहीत. नोव्हेंबरात आमच्या चर्चमध्ये रोज सकाळी गेलेल्यांची नावं वाचतात, त्यात त्यांचंही नाव मी त्याच दिवशी ऐकलं होतं.

त्या संध्याकाळी व्हॉलीबॉलच्या चौदा मुली होत्या. राज्यात दुसऱ्या आल्या होत्या. आया, मावश्या, कडेवरची भावंडं, सगळं वाचनालय भरलं होतं. चौदावं नाव झालं, टाळ्या झाल्या आणि नेहमीप्रमाणे सगळी गर्दी हसतखिदळत बाहेर पडली. मागे रिकाम्या खुर्च्या राहिल्या.

तिसऱ्या रांगेत दोघं तशीच बसून होती. एक म्हातारा, गुडघ्यावर टोपी. शेजारी सोळा-सतरा वर्षांची मुलगी, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, ओली वेणी. चौदाही मुलींसाठी तिनं मनापासून टाळ्या वाजवल्या होत्या.

"रीटा," अर्लीनबाई माझ्या कानाशी कुजबुजल्या, "टिल्डा गावचे एमिल व्होट्रुबा ना गं ते?"

"हो. आणि त्यांची नात, मार्ली."

"कशाला आलेत?"

मला माहीत नव्हतं. तोवर अध्यक्षांनी छपराच्या गळतीचा विषय काढला. मग बसच्या टायरांचा. मग जेवणघरातल्या भांडी धुण्याच्या यंत्राचा. सव्वा तास चाललं. ती दोघं हलली नाहीत. दर विषय संपला की म्हातारा जरा ताठ व्हायचा आणि नवा विषय निघाला की पुन्हा टेकायचा. अर्लीनबाईंनी त्यानंतर एक अक्षर लिहिलं नाही. सभेचा वृत्तांत दुसऱ्या दिवशी मीच आठवून लिहिला.

सभा उठली तेव्हा एमिल पुढे आले.

"झालं का, बाई?"

"झालं. तुम्ही कशासाठी आला होतात, एमिल?"

म्हाताऱ्यानं नातीकडे बघितलं. नात बुटांकडे बघत होती.

"असंच," ते म्हणाले. "छपराचं काम मार्गी लागलं म्हणायचं. चल मार्ली, गायी खोळंबल्यात."

टिल्डाची माणसं अशी आहेत. तिकडे स्वतःचं कौतुक स्वतःच्या तोंडानं सांगणं म्हणजे चारचौघांत उघडं होण्यासारखं समजतात. पोरगं पहिलं आलं तरी बाप शेजाऱ्याला सांगणार नाही, शेजाऱ्यानं विचारलं तर म्हणेल, "ठीक चाललंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला अर्लीनबाईंनी टिल्डाच्या शाळेत फोन लावला. तिथं फोन घेणाऱ्या मिस लाडानं सांगितलं. जमीन पारखण्याच्या स्पर्धेत मार्ली व्होट्रुबा राज्यात पहिली आली होती. पंधरा दिवस झाले. पहिलं आलेल्यांना मंडळ बोलावतं, असं शेतीचे मास्तर म्हणाले होते, म्हणून आजोबा नातीला घेऊन आले. बोलावणं आलं नव्हतं, पण का आलं नाही ते काही त्यांनी विचारलं नाही.

अर्लीनबाईंनी गेल्या आठवड्यांचे कागद काढले. दर गुरुवारी त्या चारही शाळांना फोन करत आणि शाळेच्या नावापुढे टिपून घेत. त्या गुरुवारी टिल्डाचा फोन लागला नव्हता. पुन्हा करू म्हणून त्यांनी बारीकशी आडवी रेघ ओढून ठेवली. तेवढ्यात व्हॉलीबॉलच्या पोरी अंतिम सामन्यात गेल्याची बातमी आली. मग शाळेबाहेरच्या पाटीवरची अक्षरं बदला, केक सांगा, अग्निशमन दलाच्या प्रमुखाला फोन करा. आमच्याकडे पोरं राज्याच्या स्पर्धेहून परतली की गावाच्या वेशीवर बंब सामोरा जातो आणि भोंगा वाजवत त्यांची बस गावात आणतो.

"अर्लीन, पोरी तुझ्या जिंकतात आणि डिझेल माझं जळतं," प्रमुख म्हणाला होता.

"मग काय, आग लागायची वाट बघत बसणार आहेस?" अर्लीनबाईंनी त्याला सुनावलं होतं, आणि आम्ही दोघी खूप हसलो होतो.

त्या हसण्यात ती रेघ तशीच राहिली. यादी करायच्या दिवशी त्यांना ती दिसली, आणि आडवी रेघ म्हणजे काही नाही, हा त्यांचाच एकतीस वर्षांचा नियम होता.

दुसऱ्या कोणाचं नाव राहिलं असतं तर अर्लीनबाईंना वाईट वाटलं असतं, एवढंच. पण हे टिल्डाचं होतं. तीन वर्षांपूर्वी टिल्डाची शाळा आमच्या मंडळात सामील करून घ्यायचं ठरलं तेव्हा तिथल्या सभागृहात मोठी सभा झाली होती. सगळ्यात कडाडून विरोध एमिल व्होट्रुबांचा. "आमची एकवीस पोरं," ते म्हणाले होते, "तुमच्या गर्दीत त्यांची नावंसुद्धा बुडतील." मंडळाचे साहेब आकडे सांगत होते, कोणी ऐकत नव्हतं. तेव्हा मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या अर्लीनबाई बोलल्या. कारकुनानं सभेत बोलायचं नसतं. तरी बोलल्या. "मी त्या खुर्चीत आहे तोवर तुमच्या एकाही पोराचं नाव राहणार नाही." एमिल त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि खाली बसले. त्यांच्यामागे बाकीचेही बसले.

कचेरीचे प्रमुख केसलसाहेब, त्यांना अर्लीनबाईंनी सगळं सांगितलं.

"मग टपालानं दाखला पाठवा," साहेब म्हणाले. "पुढच्या महिन्यात नाव वाचू. एवढं काय त्यात!"

"साहेब, ती माणसं सव्वा तास बसली होती."

"पण बोलावलं होतं कोणी त्यांना?"

"कोणी नाही," अर्लीनबाई म्हणाल्या. "तेच सांगतेय मी."

मग त्यांनी एमिलना फोन केला. मी समोरच होते; म्हाताऱ्याचा आवाज मोठा, सगळं ऐकू येत होतं.

"चूक माझी आहे, एमिल. दाखला घेऊन मी स्वतः येते."

"कागद नको, बाई. कागद मार्लीकडे ढीगभर आहेत. मला एक सांगा, पोरीनं काय केलं ते माहितीय तुम्हाला?"

"जमीन पारखण्याच्या स्पर्धेत राज्यात पहिली आली."

"म्हणजे काय केलं?"

अर्लीनबाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"बघा. शनिवारी या. नऊला. जुने बूट घालून या."

शनिवारी मी गाडी चालवली. अडतीस मैल, शेवटचे अकरा खडीचे. मका निघाली होती, रानं मोकळी पडली होती. एमिल फाटकाशी उभे होते. नमस्कार-चमत्कार काही नाही. ते पुढे आणि आम्ही मागे. घरामागच्या झाडांच्या रांगेपलीकडे, चांगल्या पिकाच्या रानात, मधोमध खड्डा खणलेला होता. छातीइतका खोल, बाजू सुरीनं कापल्यासारख्या.

"असे पाच आहेत," एमिल म्हणाले. "उतारावर एक, ओढ्याकाठी एक. पोरीला सरावाला लागतात."

"पिकात?"

"जमीन तिथंच असते, बाई."

मार्ली आत उभी होती. अर्लीनबाईंचं वय त्रेसष्ट, उजवा गुडघा वाकत नाही. एमिलनी शिडी लावली. मला वाटलं, त्या वरूनच बघतील. त्यांनी हातमोजे माझ्याकडे दिले आणि शिडीकडे पाठ करून एकेक पायरी उतरल्या.

सभेत जमिनीकडे बघणारी पोरगी खड्ड्यात वेगळीच होती.

"हा काळा थर इथपर्यंत, बाई. अकरा इंच. वरच्या उतारावर सातच आहे, तिथली माती वाहून गेलीय. आता हे घ्या." तिनं भिंतीतून ढेकूळ काढलं, बाटलीतलं थोडं पाणी घालून मळलं आणि अर्लीनबाईंच्या तळहातावर ठेवलं. "अंगठ्यानं पुढे ढकलत न्या. फीत काढल्यासारखी. हळू. तुटेल."

फीत अर्ध्या इंचावर तुटली.

"घाई केलीत. पावाचं पीठ नाहीये ते," वरून एमिल म्हणाले.

"आजोबा, तुमची पण पहिल्यांदा तुटलेली," मार्ली म्हणाली. "पुन्हा करा, बाई."

दुसऱ्यांदा ती दीड इंच झाली आणि मग वाकून पडली. "दीड. म्हणजे चिकण आहे, पण फार नाही. पाणी मुरतं, पण दमानं. इथे मका चालेल, पण उताराला आडव्या ओळीत पेरायची. स्पर्धेत असे चार खड्डे असतात. प्रत्येकाला पंचवीस मिनिटं. बोलायचं नाही, शेजारच्याकडे बघायचं नाही. हातानं कळेल तेवढंच लिहायचं."

"आणि तू सगळं बरोबर लिहिलंस?"

"एक चुकलं," ती म्हणाली. "उताराचं."

अर्लीनबाई मातीच्या त्या तुकड्याकडे बघत राहिल्या. मग दोघीच बराच वेळ बोलत होत्या. थर, मुळं, चुन्याच्या पांढऱ्या रेघा. मी आणि एमिल काठावर उभे राहून ऐकत होतो. म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात घेतली होती.

घरात कॉफी होती आणि कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव. एमिलनी डोकं झुकवून प्रार्थना म्हटली, मग बशी आमच्याकडे सरकवली.

"टिल्डात आणखी काय काय झालं, तेही ऐकायचंय?"

"ऐकायचंय."

ते बोटं मोजायला लागले. "पावेलच्या जुळ्या पोरी चर्चचा ऑर्गन वाजवतात, दर रविवारी, दोन वर्षं झाली. दोघींना एकच बाक, एकीचे पाय पोचतात, दुसरीचे हात. चौथीतली ग्रेटा. बोलताना अडखळते ना? तिनं आख्खी गोष्ट शाळेसमोर सांगितली, एकदा अडली, पुन्हा पहिल्यापासून सांगितली. कोणी हसलं नाही. आणि आमची सातवी, सगळीच्या सगळी, सहाही जणं, गेल्या हिवाळ्यात आजारी मास्तरांच्या गायी बघत होती. एक दिवस शाळा बुडवली नाही."

"हे मला कोणी सांगितलं कसं नाही?" अर्लीनबाईंचा आवाज बारीक झाला होता. "मी दर गुरुवारी फोन करते."

"करता ना. मिस लाडाला विचारता, 'काही विशेष?' आता आमच्याकडे विशेष काय असणार, बाई? नाही म्हणून सांगते बिचारी."

भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. एकतीस वर्षं हाच प्रश्न, शाळा कोणतीही असो. अर्लीनबाईंनी बशीतले खसखशीचे दाणे बोटानं एका जागी गोळा केले.

"मग मी येत जाईन," त्या म्हणाल्या. "गुरुवारी. वर्गात बसेन."

"दर गुरुवारी?"

"दर गुरुवारी."

"बर्फात?"

"बर्फातसुद्धा."

एमिल हसले नाहीत, मान डोलावली नाही. "बघू," एवढंच म्हणाले आणि त्यांच्या कपात आणखी कॉफी ओतली.

सोमवारी अर्लीनबाईंनी आठवड्याच्या वर्तमानपत्रातलं आमच्या मंडळाचं सदर लिहिलं. सुरुवातच अशी: 'टिल्डाची मार्ली व्होट्रुबा जमीन पारखण्यात राज्यात पहिली आली. हे नाव गेल्या सभेत पुकारलं गेलं नाही. चूक माझी. अ. कुचेरा.' खाली खड्ड्यातली सगळी हकीकत होती, चुकलेल्या उतारासकट.

केसलसाहेब छापील अंक घेऊन आले. "मंडळाच्या सदरात चुका छापायच्या नसतात, अर्लीन. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील ते मी ऐकीन, साहेब. फोन माझ्याच टेबलावर आहे."

साहेब अंक घडी घालून घेऊन गेले. गुरुवारच्या जाण्याबद्दल ते काही बोलले नाहीत. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

गुरुवारी पहाटेपासून बर्फ पडत होता. पहिलाच, बारीक, वाऱ्यावर आडवा जाणारा. माझी सकाळची माळ जपून झाली तेव्हा खिडकीबाहेर अंगण दिसेनासं झालं होतं. आज त्या जाणार नाहीत, असं मनाशी धरून मी कचेरीत आले.

साडेनऊला अर्लीनबाईंनी तीन शाळांचे फोन नंबर लिहिलेला कागद माझ्यासमोर ठेवला.

"हे तिन्ही तू कर, रीटा. आणि 'काही विशेष?' असं विचारू नकोस."

"मग काय विचारू?"

त्यांनी कोटाची बटणं लावता लावता विचार केला.

"विचार, या आठवड्यात कोणी काय केलं. आणि मग गप्प बस. त्यांना वेळ लागेल."

"रस्ता खराब असेल, अर्लीनबाई. पुढच्या आठवड्यात गेलात तर—"

"तीनपर्यंत येते," त्या म्हणाल्या.

मी खिडकीशी उभी राहिले. त्यांनी बाहीनंच काच पुसली, दोन्ही दिवे लावले, दुखरा गुडघा हातानं उचलून आत घेतला. गाडी आवारातून निघाली, चौकात थांबली. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं, तरी त्यांनी वळायची खूण दिली. मग ती उत्तरेला वळली आणि बैलगाडीच्या वेगानं जाऊ लागली. मागे उमटलेल्या चाकांच्या दोन रेघा बर्फ भरून टाकत होता.